वाटेतलं डहाणू : बंदराच्या रेल्वेचा इतिहास कुठून वाचायचा?

आजचा विषय रेल्वेचा आहे, पण आम्ही इंजिनांबद्दल फार बोलणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कुणाची निराशा नको. आजचं व्याख्यान समीक्षेचं आहे. पुस्तकांची समीक्षा होते, नाटकांची होते, तशी इतिहास सांगण्याच्या पद्धतीचीही व्हायला हवी. बंदराला जोडणारी एखादी छोटी रेल्वे असते, तिचा इतिहास आपल्याकडे कसा सांगितला जातो, त्यात काय येतं आणि काय सुटतं, हे आपण आज तपासू. आणि ते मुंबईच्या गोदीत उभं राहून न तपासता डहाणू-तलासरीत उभं राहून तपासू.

डहाणूच का? कारण वाढवण. डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावर वाढवण बंदर होऊ घातलं आहे. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पायाभरणी झाली. खर्चाचा आकडा सुमारे ७६,२०० कोटी रुपयांचा. या बंदराला जोडणारा रेल्वेमार्ग मात्र अगदी लहान, सुमारे १२ किलोमीटरचा. ७६ हजार कोटींच्या बातमीत या १२ किलोमीटरला एखादं वाक्य मिळतं. आमचं आजचं म्हणणं त्या वाक्याबद्दलच आहे. पण तिथे पोचायला दीडशे वर्षं मागून यावं लागेल.

सुरुवात एका पाटीपासून करू. स्टेशनवरची पाटी वाचा : ‘डहाणू रोड’. नुसतं डहाणू नाही. पुढे गुजरातच्या दिशेला बोर्डी रोड आहे, उंबरगाव रोड आहे. मुंबईच्या बाजूला वसई रोड आहे. हा ‘रोड’ म्हणजे काय? स्टेशन गावात नाही, गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, असं रेल्वे आपल्याला प्रामाणिकपणे सांगते. डहाणू हे जुनं गाव खाडीच्या काठी, समुद्राला लागून. किल्ला तिथे, बंदर तिथे. रेल्वे गेली आतून. खाड्यांची तोंडं रुंद, किनारा पाणथळ, तेव्हा रूळ आत घेणं सोयीचं, हे समजण्यासारखं आहे. पण परिणाम बघा. जी गावं समुद्राकडे तोंड करून उभी होती, त्यांच्या पाठीमागून नवा रस्ता गेला. या चारही पाट्यांवरचा ‘रोड’ हा शब्द म्हणजे चार जुन्या बंदरगावांना रेल्वेने वळसा घातल्याची नोंद आहे.

ही रेल्वे म्हणजे बी.बी. अँड सी.आय., बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया. आपल्याला वाटतं की मुंबईची रेल्वे म्हणजे मुंबईहून निघून बाहेर पसरली. इथे तसं झालेलं नाही. या कंपनीचा पहिला तुकडा १८६० मध्ये गुजरातेत, अंकलेश्वर ते उत्राण असा सुरू झाला. रूळ उत्तरेकडून खाली सरकत आले आणि २८ नोव्हेंबर १८६४ ला मुंबईत ग्रँट रोडला पोचले. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस अडला होता, इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता. गुजरातचा कापूस मुंबई बंदरात पोचवणं हा या मार्गाचा एक मोठा हेतू. म्हणजे आज जिला आपण पश्चिम रेल्वेची मेन लाइन म्हणतो, ती जन्माने बंदराची रेल्वे आहे. एका टोकाला कापसाचं शेत, दुसऱ्या टोकाला जहाज. डहाणू मधे.

आता गंमत अशी की मोठ्या बंदराकडे जाणाऱ्या या रेल्वेने वाटेतल्या छोट्या बंदरांचा धंदा खाल्ला. उत्तर कोकणात डहाणू, तारापूर, केळवे-माहीम, अर्नाळा, वसई अशी बंदरांची माळच होती. गलबतं, मचवे, पडाव यांची ये-जा होती. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे कॅम्पबेल यांनी संपादित केलेला तो जाडजूड ग्रंथ, या बंदरांची आयात-निर्यात रुपयांत मांडतो. त्यात व्यापाराच्या प्रकरणात रस्ते, रेल्वे, बंदरं सगळं शेजारी-शेजारी येतं. गॅझेटियर सरकारी आहे, साहेबाच्या नजरेचं आहे, सगळं खरं. तरी एक गुण त्याचा मान्य केला पाहिजे. त्यात रेल्वे हा एकट्याने सांगायचा विषय नाही. रेल्वेच्या शेजारी गलबत आहे, बैलगाडी आहे, आठवडी बाजार आहे. नंतरच्या काळात रेल्वेचा इतिहास वेगळा झाला, स्वतंत्र झाला आणि आमच्या मते तिथेच तो अरुंद झाला.

हा अरुंदपणा कसला? आपण सगळ्यांनी असे लेख वाचले आहेत. अमुक कंपनी स्थापन झाली, अमुक तारखेला लाटसाहेबांनी उद्घाटन केलं, गेज इतकं, इंजिनं अमुक कारखान्यातली, मग डिझेल आलं, मग वाहतूक घटली, शेवटची गाडी अमुक दिवशी, आणि एक जुना फोटो. आम्ही याची टिंगल करत नाही. हौशी रेल्वेप्रेमींनी हे तपशील जपले नसते, तर कित्येक लहान मार्गांचा मागमूस राहिला नसता. आक्षेप वेगळा आहे. ही गोष्ट कायम दोन टोकांवरून सांगितली जाते. माल कुठून निघाला आणि कुठे पोचला. मधल्या गावाला त्यात उच्चार असतो तो किलोमीटरच्या आकड्यापुरता.

याचा उत्तम नमुना मुंबईतच आहे : पोर्ट ट्रस्ट रेल्वे. बंदराला जोडणारी छोटी रेल्वे म्हटली की महाराष्ट्रात पहिलं नाव हिचंच घ्यावं लागेल. पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये झाला, त्यानंतर व्हिक्टोरिया डॉक, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आज इंदिरा डॉक म्हणतात. गोद्या झाल्या, पण दोन्ही रेल्वे कंपन्यांचा माल स्टेशनवर उतरायचा आणि तिथून खटाऱ्यांनी गोदीत जायचा. शहराच्या रस्त्यांवर कापसाच्या गासड्यांचे खटारे. म्हणून १ जानेवारी १९१५ ला पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली. बॅलार्ड पियर ते वडाळा, मुख्य मार्ग जेमतेम ११ किलोमीटर. पण यार्ड, फाटे, साइडिंग धरले तर रुळांची लांबी १३० किलोमीटरच्या घरात. वडाळ्याजवळ रावळी जंक्शनला ती मोठ्या रेल्वेमार्गांशी जोडलेली. माझगाव-शिवडीच्या बाजूला समुद्र बुजवून जमीन केली, तिथे धान्याचे, कापसाचे डेपो हलवले. ‘कॉटन ग्रीन’ हे स्टेशनचं नाव तिथलंच.

या रेल्वेची गोष्ट कशी सांगतात? बहुधा बॅलार्ड पियर मोल स्टेशनवरून. विलायतेची डाक घेऊन बोट लागली, साहेब-मेमसाहेब उतरले, समोरच गाडी उभी, बसले आणि निघाले. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल अशीच धक्क्यावरून पेशावरकडे निघे. आकर्षक चित्र आहे, नाही कोण म्हणतं? आणि ध्यानात घ्या, ती गाडी बी.बी.सी.आय.ची, म्हणजे तीही डहाणूवरूनच उत्तरेला जाई. पण त्या ११ किलोमीटरच्या आयुष्यात ही डाकगाडी हा छोटा भाग. बाकी सगळा वेळ मालडबे, शंटिंग, धान्याची पोती, गासड्या, कोळसा. ते उचलणारी माणसं गोदी कामगार. या रेल्वेला समांतर जो रस्ता जातो त्याचं नाव आज पी. डिमेलो रोड, गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं नाव. म्हणजे रस्त्याच्या पाटीने कामगार लक्षात ठेवला. रेल्वेच्या लेखाने डाकगाडी लक्षात ठेवली.

शंभरी उलटल्यावर या मार्गावरची मालवाहतूक थांबली. आता त्या पट्ट्याबद्दल वाद चालतो तो जमिनीचा. पोर्ट ट्रस्ट हा मुंबईतल्या सर्वांत मोठ्या जमीनमालकांपैकी एक. रेल्वे गेली तरी रेल्वेखालची जमीन कुणाची आणि कशासाठी, हा प्रश्न मागे उरतो. तो आपण सोबत घेऊन पुढे जाऊ.

चला, आता परत डहाणूला. मधल्या गावाचा इतिहास लिहायचा तर कागद कुठून आणायचे, असं कुणी विचारेल. आम्ही एक पुस्तक सुचवतो, जे रेल्वेवरचं नाही. गोदावरी परुळेकर यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’, १९७० मध्ये प्रकाशित, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. आपण ते वारली आदिवासींच्या लढ्याचं पुस्तक म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. वेठबिगार, लग्नासाठी कर्ज काढून आयुष्यभर सावकाराकडे राबणारा लग्नगडी, जमीनदारांची दहशत. पण आमची विनंती अशी आहे की त्या लढ्याच्या मागण्या एकदा मालवाहतुकीच्या अंगाने वाचून बघा.

२३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरी इथे वारल्यांची मोठी सभा झाली. वेठ करायची नाही, असं ठरलं. त्या वेळी तलासरी उंबरगाव तालुक्यात होती. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवत कापणीचा संप झाला. मागणी काय होती? ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. जरा थांबा इथे. मजुरी दिवसावर मागितलेली नाही, पौंडांवर मागितली आहे. का? कारण हे गवत घरच्या गुरांसाठी नव्हतं. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींसाठी, घोड्यांसाठी होतं. ते दाबून, गासड्या बांधून, मालडब्यांत चढवून शहराकडे जायचं. विकताना वजन, पाठवताना वजन, म्हणून कापणाऱ्याचीही मजुरी वजनावर. डोंगराच्या कुशीतल्या माणसाचा दिवस पौंडांत मोजला जाऊ लागला, याच्या मागे बाजारपेठ आहे, आणि ती बाजारपेठ इथवर आणणारे रूळ आहेत. १८६४ चा तो मार्ग वारल्यांच्या आयुष्यात आला तो तिकीट बनून आला नाही, वजनकाटा बनून आला.

१० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, पाच जण गेले. पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, जंगलतोडीचा संप. तेव्हा मागणी दिवसाला सव्वा रुपयाची. महिनाभर चालला, आणि शेवटी लाकडाच्या व्यापाऱ्यांना दर मान्य करावा लागला. आता जंगलातलं लाकूड म्हणजे काय? इमारती लाकूड, जळण, कोळसा. सगळं शहराकडे जाणारं. संपाची ताकद कशात होती? गवत ठरावीक दिवसांत कापलं नाही तर उभं वाळतं. लाकूड तोडलं नाही तर वखार रिकामी राहते. मालाच्या साखळीतल्या पहिल्या कडीने हात आखडला, तेव्हा शेवटच्या कडीपर्यंत कळ गेली. रेल्वेच्या कुठल्याही इतिहासात तलवाड्याचं नाव यायचं नाही. आमच्या मते यायला हवं.

याआधी १९३८ मध्ये सायमिंग्टन नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासींवर सरकारला अहवाल दिला होता. सरकारी अधिकाऱ्याने सावकारी पिळवणूक आणि वेठ स्पष्टपणे नोंदवली होती. म्हणजे माहिती नव्हती असं नाही. माहिती एका कपाटात होती आणि रेल्वेच्या मालवाहतुकीचे तक्ते दुसऱ्या कपाटात. समीक्षकाचं काम असेल तर ते ही दोन कपाटं शेजारी आणून ठेवण्याचं.

आता एक उदाहरण आपल्या डोळ्यांदेखतचं. न्हावा-शेवा, म्हणजे जेएनपीटी. बंदर सुरू झालं १९८९ मध्ये. त्याआधी जमिनीच्या प्रश्नावर उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांचा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत, हे तत्त्व त्या लढ्यातून आलं. शेवा कोळीवाड्याच्या पुनर्वसनाचा प्रश्न त्यानंतरही दशकानुदशकं रखडला. बंदर वाढलं, पनवेलमार्गे कंटेनरच्या मालगाड्या जात-येत राहिल्या. आणि उरणकरांची लोकल? खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत गाडी सुरू झाली १२ जानेवारी २०२४ ला. बंदर झाल्यावर साधारण ३५ वर्षांनी. कंटेनरला रूळ आधी, माणसाला नंतर. आणि हेच जेएनपीए आज वाढवणच्या कंपनीत ७४ टक्क्यांचं भागीदार आहे, उरलेले २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचे. तेव्हा उरणचा इतिहास डहाणूवाल्यांनी वाचला तर त्याला कुणी अडाणीपणा म्हणू नये. ती सावध माणसाची रीत आहे.

वाढवणकडे येऊ. या बंदराची पहिली योजना नव्वदच्या दशकातली. तेव्हा पी अँड ओ ही कंपनी होती. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. १९९८ मध्ये त्या प्राधिकरणाने बंदराला नकार दिला. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने, अर्थात वेगळ्या सदस्यांच्या, अटींसह परवानगी दिली. मधल्या पंचवीस वर्षांत काय बदललं हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आम्ही आज रुळांवरच राहू.

योजनेचे कागद आम्ही समीक्षेच्या नजरेने वाचतो तेव्हा एक गोष्ट खटकते. बंदर समुद्रात भराव घालून होणार आहे, १,४४८ हेक्टरचा भराव. त्यामुळे सांगितलं जातं की बंदरासाठी गावांची जमीन लागत नाही, विस्थापन नाही. जमीन लागते ती जोडरस्त्याला आणि जोडरेल्वेला. रस्ता सुमारे ३२ किलोमीटर, रेल्वे सुमारे १२. आता हे वाक्य उलटं करून वाचा. बंदर समुद्रात असेल तर गावाला बंदर भेटणार कुठे? किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला ते समुद्रात भेटेल, त्याची जाळी टाकायची जागा जाईल, तो प्रश्न मोठाच आहे. पण शेतकऱ्याला, बागायतदाराला, आदिवासी पाड्याला बंदर भेटणार ते या रस्त्याच्या आणि रेल्वेच्या पट्ट्यात. कागदात जो तपशील सर्वांत किरकोळ, तोच जमिनीवर सर्वांत खरा. ‘कनेक्टिव्हिटी’ हा शब्द त्यावर घातलेलं पांघरूण आहे. कनेक्टिव्हिटी कुणाची कुणाशी? बंदराची दिल्लीकडच्या मालमार्गाशी. वाढवणची डहाणूशी, डहाणूची तलासरीशी, हा अर्थ त्यात कुठेच धरलेला नाही.

तलासरीचं उदाहरण तर डोळ्यांत भरण्यासारखं. तालुक्यातून राष्ट्रीय महामार्ग ४८ जातो. मालगाड्यांचा समर्पित मार्ग या पट्ट्यातून जातो. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची रेघ जाते, तिचं पालघर जिल्ह्यातलं स्टेशन बोईसरला. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग जातो. इतक्या रेघा ज्या तालुक्याच्या नकाशावर आहेत, त्या तलासरी गावात रेल्वे स्टेशन नाही. गाडी धरायला किनाऱ्याकडे यायचं. आणि डहाणूची लोकल? तीसुद्धा १६ एप्रिल २०१३ ला सुरू झाली. मेन लाइन झाल्यावर दीडशे वर्षांनी, एक वर्ष कमी.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा न राहता भाषण होईल. बंदर होणारच असेल तर मालासाठी रेल्वे असणं बरं. एका मालगाडीत जो माल जातो त्याला कित्येक ट्रेलर लागतील, आणि ते ट्रेलर डहाणू-चिंचणीच्या रस्त्यांवरून जाण्यापेक्षा रूळ परवडले. सरकार सुमारे १२ लाख प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगारांचा आकडा देतं. जिल्ह्यात काही तरुणांना बंदर हवंही आहे, त्यांना गावात काम हवं आहे. आणि ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ म्हणणारेही याच गावांतले आहेत. त्यात मच्छीमार आहेत, चिकूचे बागायतदार आहेत, डाय बनवणारे कारागीर आहेत. दोघांचं म्हणणं आपल्या-आपल्या जागी गंभीर आहे. आमचा मुद्दा दोघांनाही लागू आहे. रेल्वे चांगली की वाईट, हे ती कुठून कुठे जाते यावरून ठरत नाही. मधे ती काय करते यावरून ठरतं.

‘मधे काय करते’ म्हणजे नेमकं काय? थांबा आहे का, हा पहिला प्रश्न. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हा चिकू पिकला की दोन दिवस थांबत नाही. मालासाठी घातलेल्या नव्या रुळांवर चिकू चढवायला, मासळी चढवायला एखादा मालधक्का आहे का? की ७६ हजार कोटींत तेवढं बसत नाही? आजही मासळीच्या, भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटेची गाडी धरणाऱ्या बायका लगेजच्या डब्यात दाटीवाटीने उभ्या असतात.

दुसरा प्रश्न पाण्याचा. किनाऱ्याजवळची सपाट, खाजणाची जमीन. तिथे रेल्वेचा भराव म्हणजे बांधच. पावसाचं पाणी खाडीकडे जायचं, भरतीचं पाणी आत यायचं. भरावात मोऱ्या किती, कुठे, केवढ्या रुंदीच्या, यावर कुणाचं शेत टिकणार आणि कुणाचं खारं होणार हे ठरतं. मोरी हा शब्द रेल्वेच्या इतिहासात शोधून सापडणार नाही. शेतकऱ्याच्या इतिहासात मात्र तोच मुख्य शब्द आहे.

तिसरा प्रश्न ओलांडण्याचा. गुरं, बैलगाडी, शाळेची पोरं, स्मशानाची वाट. मालगाडी लांबलचक असते. फाटक ठेवलं तर किती वेळ बंद राहणार? भुयारी मार्ग केला तर पावसाळ्यात त्यात पाणी भरणार का? आणि चौथा प्रश्न पोर्ट ट्रस्टने शिकवलेला : उद्या वाहतूक थांबली तर या पट्ट्याची जमीन कुणाकडे जाईल? हे लिहून ठेवायची वेळ जमीन घेतानाच असते.

हे चार प्रश्न लावून आपण आज पाहिलेले मार्ग पुन्हा बघा. १८६४ च्या मार्गाने डहाणूला थांबा दिला, पण बंदर काढून घेतलं आणि वारल्यांची मजुरी पौंडांवर नेली. पोर्ट ट्रस्ट रेल्वेने शहराला धान्य आणि कापूस हलवून दिला, मागे ठेवला जमिनीचा वाद. उरणने ३५ वर्षं वाट पाहिली. वाढवणचं उत्तर अजून लिहायचं आहे. बाकीच्यांचा इतिहास आपण घडून गेल्यावर वाचला. हा एक असा आहे की तो आखणीच्या नकाशावर असतानाच वाचता येतो आणि त्यात दुरुस्ती मागता येते. समीक्षा इतकी वेळेवर क्वचितच करायला मिळते.

आम्ही इथे थांबतो. दोन प्रश्न आले आहेत, ते घेऊ.

प्रश्न : म्हणजे तुमच्या मते बंदर नको की रेल्वे नको?

उत्तर : बंदराबद्दलचा निर्णय किनाऱ्यावरची माणसं, न्यायालयं आणि सरकार यांच्यात चालू आहे. आमचं मत विचाराल तर ज्या समुद्रावर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी चालली तो बुजवण्याआधी तिथल्या माणसाची संमती हवी, आणि ती मिळालेली आम्हाला दिसत नाही. रेल्वेबद्दल म्हणाल तर आम्ही तिच्या विरोधात नाही. वाटेतल्या गावाला मोरीही नाही आणि मालधक्काही नाही, अशा रेल्वेच्या मात्र विरोधात आहोत.

प्रश्न : आम्ही डहाणूचे नाही, फक्त ऐकणारे आहोत. आम्ही काय करावं?

उत्तर : तुमच्या गावाजवळ बंद पडलेली साइडिंग असेल, साखर कारखान्याची, खाणीची, गोदीची. तिचा इतिहास लिहायला घ्या. पण इंजिनाच्या क्रमांकापासून सुरू करू नका. तिथे माल चढवणाऱ्या म्हाताऱ्याला गाठा आणि त्याला विचारा, मजुरी कशावर मिळायची, दिवसावर की वजनावर? तिथून पुढचं तो सांगेल.